आमिष दाखवलं म्हणून लाचेची केस उडत नाही

प्रश्न : मुलगी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पदवीनंतर लगेच तिने न्यायाधीशाची परीक्षा द्यायची असं आम्ही ठरवलंय, नातेवाइकांनाही सांगून झालंय. तिला मात्र लाचेच्या खटल्यांत आरोपींची वकिली करायची आहे. 'पोलीसच सापळा लावतात, पैसेही तेच पाठवतात, एवढं दाखवलं की केस उडते,' असं ती म्हणते. लाचखोरांची वकील आमच्या घरात नको. तिला समजावाल का?
– एक पालक, सातारा

उत्तर : आधी तुमच्याशीच बोलतो. मुलीचा कल काय, तिला काय जमतं, याबद्दल पत्रात एक ओळ नाही. नातेवाइकांना सांगून झालंय, हे मात्र आवर्जून लिहिलंय. तो शब्द तुम्ही दिलात, तिने नाही. शिवाय तुमचा बेत नियमातच बसत नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा घातली. म्हणजे वकिली चुकत नाही. ती आरोपीच्या बाजूने केली तर बिघडलं काय? पुरावा पोकळ असेल तर तो उघडा पाडणं हे त्या वकिलाचं कामच आहे. सनद, बारची परीक्षा, मग एमपीएससीमार्फत न्यायाधीश किंवा सहायक सरकारी वकील, ही वाट कुठे पळून जात नाही.

आता मुलीचा गैरसमज. अमेरिकेत 1932 च्या सॉरेल्स खटल्यापासून 'एन्ट्रॅपमेंट', म्हणजे पोलिसांनीच मोहात पाडून गुन्हा करायला लावला, हा स्वतंत्र बचाव आहे. आपल्याकडे नाही. पोलिसांनीच माणसाला मोहात पाडू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्ये रामजनम सिंग प्रकरणात खडसावलं खरं. पण लाच आधी मागितली गेली आणि तक्रारीवरून सापळा लागला, तर तो वैधच. त्याहून पुढचं तिने वाचलेलं दिसत नाही. नीरज दत्ता खटल्यात (2022) घटनापीठ म्हणतं की, लोकसेवकाने मागणी केलीच नाही, समोरच्याने आपणहून देऊ केलं आणि याने ते स्वीकारलं, तरी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 7 चा गुन्हा होतो. तक्रारदार फितूर झाला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा होऊ शकते.

मग आरोपी सुटतात कशावर? बहुतेकदा पंचनाम्यावर. नोटांना अँथ्रासिन पावडर लावतात, ती अतिनील दिव्याखाली चमकते. बोटं चमकली तर नोट हाताळली एवढंच कळतं. लाच मागितली होती का, किंवा देऊ केलेली लाच म्हणून स्वीकारली का, हे पावडर सांगत नाही. नुसती रक्कम सापडणं पुरेसं नाही, हे 2014 च्या बी. जयराज निकालात स्पष्ट आहे. शर्टाचा खिसा चमकतोय आणि बोटं कोरी, तर नोटा कोणी कोंबल्या हा प्रश्न उभा राहतो. सापळ्याआधीच्या पडताळणीत रेकॉर्डरवर मागणीचं वाक्य नीट ऐकू येतं का? त्या रेकॉर्डिंगला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडलंय का? तक्रारदाराचं काम खरंच या आरोपीकडे अडलं होतं का? पंच ऐकू येईल इतक्या अंतरावर होता, की बाहेर चहाच्या टपरीवर? खटल्याची मंजुरी योग्य अधिकाऱ्याने, कागद वाचून दिली का? असल्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर उलटतपासणी दिवसभर चालते. कंटाळवाणं काम आहे. वेब सिरीजसारखं काहीही नाही.

म्हणून तिने आत्ता परीक्षेचा क्लासही लावू नये आणि आरोपीचा वकील व्हायचं म्हणून हट्टालाही पेटू नये. जिल्हा न्यायालयात विशेष न्यायाधीशांसमोर सापळ्याचा एक खटला पंचाच्या साक्षीपासून शेवटपर्यंत बसून ऐकावा. मग दोन महिने सरकारी वकिलाकडे, दोन महिने बचावाच्या वकिलाकडे इंटर्नशिप. एखाद्या तारखेला तुम्हीही सोबत जा. घरी येताना मात्र आधी तिला बोलू द्या.