समितीला मुदतवाढ मिळाली, मग आमच्या बसचं काय?

प्रश्न : ताई नमस्कार. मी रिटायर्ड माणूस, सिडकोत राहतो, सिटी बसशिवाय आमचं पान हलत नाही. पेपरात सारखं वाचतो की विधिमंडळाच्या अमुक समितीला अहवाल द्यायला मुदतवाढ. उद्या शहरातल्या बस, स्टँड, पूल यांची चौकशी अशा समितीकडे गेली आणि तिनंही मुदत वाढवून घेतली तर प्रकरण थंड पडलं असंच समजायचं ना?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : काका, लगेच तसं समजू नका, पण गप्पही बसू नका.

आधी हे होतं कसं ते सांगते. समितीला मुदत सभागृहानं दिलेली असते, त्यामुळे ती वाढवायचा अधिकारही सभागृहाचाच, समिती आपल्या मनानं तारीख पुढे ढकलू शकत नाही. समिती प्रमुख प्रस्ताव मांडतात, बहुतेक वेळा आवाजी मतदानानं तो मंजूर होतो आणि मुदत पुढच्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसापर्यंत वगैरे जाते. लोकसभेच्या नियमात तर असं आहे की सभागृहानं मुदत ठरवून दिलीच नसेल तर एका महिन्यात अहवाल द्यायचा, आणि वाढवायची असेल तर प्रस्तावात नेमकी तारीख हवी. वक्फ विधेयकावरच्या संयुक्त समितीला २०२४च्या हिवाळी अधिवेशनात मुदतवाढ मिळाली, ती होती २०२५च्या अर्थसंकल्पीय अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसापर्यंत, पण अहवाल फेब्रुवारीतच मांडला गेला. म्हणजे मुदतवाढ मिळाली की काम थांबलंच असं नसतं.

आणि नाशिकचंच घ्या ना, इथे चौकशीला खरंच वेळ लागेल. सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), महामार्ग स्टँड एसटी महामंडळाचे, सिटीलिंक ही सिटी बससेवा जुलै २०२१पासून महापालिकेच्या कंपनीकडे आणि बस चालवणारे ठेकेदार वेगळे, द्वारका चौकातला उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्गाचा, नाशिकरोड स्टेशन रेल्वेचं. मेट्रो निओसाठी (रबरी टायरवर धावणारी मेट्रो) केंद्राच्या २०२१च्या बजेटमध्ये २,०९२ कोटी जाहीर झाले होते, त्याची फाइल आणखी वेगळीकडे. एवढ्या सगळ्यांकडून कागद मागवायचे, अधिकाऱ्यांची साक्ष घ्यायची, जागेवर जाऊन पाहायचं. कागद यायलाच उशीर होतो आणि पहिली मुदतवाढ बऱ्याचदा त्यातच जाते. घाईघाईत दहा पानांचा अहवाल देऊन मोकळं होण्यापेक्षा तीन महिने जास्त घेतलेले मला चालतील.

पण दुसरी, तिसरी मुदतवाढ आली की मला काळजी वाटते. एडिनबराचं उदाहरण बघा, स्कॉटलंडमधलं. तिथली ट्राम बजेटच्या खूप वर गेली, ठरलेल्यापेक्षा छोटी लाइन झाली आणि मे २०१४मध्ये एकदाची सुरू झाली. त्याच वर्षी सरकारनं लॉर्ड हार्डी यांच्याकडे चौकशी दिली (ती विधिमंडळ समिती नव्हती, पण प्रश्न तोच) आणि अहवाल आला सप्टेंबर २०२३मध्ये. त्याच्या तीन महिने आधी, जूनमध्ये, ट्रामचा न्यूहेवनपर्यंतचा पुढचा टप्पा बांधून सुरूसुद्धा झाला होता! पहिल्या टप्प्यात काय चुकलं हे अधिकृतपणे कळायच्या आत दुसरा टप्पा उभा. आपल्याकडे सिंहस्थ २०२७मध्ये आहे, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्टला, आणि ती तारीख कुठलंही सभागृह पुढे नेऊ शकत नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये मिरची चौकात खासगी बस पेटून १२ जीव गेले, ते चौक, ते रस्ते, ते स्टँड यांच्यावर कुंभातली गर्दी येणार आहे. कुंभानंतर आलेला अहवाल कितीही चांगला असला तरी त्या गर्दीच्या काय कामाचा?

म्हणून माझं स्पष्ट मत असं की मुदतवाढ द्यायची तर अंतरिम अहवाल आधी मांडा. जे कळलंय ते सांगा, कोणत्या ऑफिसनं कागद दिले नाहीत त्यांची नावं सभागृहात घ्या, मग वेळ मागा. तुम्ही तुमच्या आमदारांना हेच विचारा, कारण प्रस्तावाला ‘होय’ म्हणणाऱ्यांत तेही असतात. आणखी एक, विधानसभा विसर्जित झाली की समितीही संपते, निवडणूक जवळ असताना घेतलेल्या मुदतवाढीकडे तर डोळ्यात तेल घालून बघा. आणि वाढीव काळात समितीच्या नावानं विधानभवनात लेखी निवेदन पाठवा, त्यात रूट, थांबा, वेळ, तारीख सगळं लिहा. ‘बस वेळेवर येत नाही’ एवढ्यावर अधिकाऱ्याला प्रश्न विचारता येत नाही हो, ‘अमुक थांब्यावर संध्याकाळी सहाची बस या या तारखांना आलीच नाही’ यावर विचारता येतो.

प्रश्न : समितीसमोर कोण काय बोललं ते माहिती अधिकारात मिळेल का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : अहवाल सभागृहात मांडेपर्यंत अवघड आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ग)मध्ये विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग होईल अशी माहिती वगळलेली आहे. पण मूळ कागद तर त्या त्या ऑफिसातच असतात ना! बस ठेकेदाराशी झालेला करार, किलोमीटरमागे दिलेलं बिल, रद्द फेऱ्यांचा हिशोब, लावलेला दंड, हे थेट महापालिकेच्या किंवा परिवहन कंपनीच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर पहिलं अपील. आणि मिळालेले कागद निवेदनाला जोडून समितीकडे पाठवायला विसरू नका.