लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘ड्येर मेकर’ (D'yer Mak'er) या गाण्याच्या नावाचा खरा उच्चार काय?

‘जमैका’ असाच करा, कारण ते नाव म्हणजे त्याच शब्दावरची कोटी आहे. ‘डिड यू मेक हर’ हे इंग्लंडमध्ये घाईत म्हटलं की शेवटचा ‘र’ गळतो आणि ऐकू येतं ‘जमैका’. तिथला जुना विनोद असा: “बायको वेस्ट इंडीजला गेली.” “जमैका?” (म्हणजे, तू जायला लावलंस?) “नाही, स्वतःहून गेली!” १९७३च्या ‘हाउसेस ऑफ द होली’ या अल्बममधल्या या गाण्याचा ठेका जमैकाच्या रेगे संगीताचा आहे, म्हणून कोटी फारच चपखल बसते. मात्र गाण्याच्या बोलांत हे शब्द कुठेच नाहीत. शिवाय अमेरिकन उच्चारात ‘र’ स्पष्ट येतो, त्यामुळे तिकडे बरेच जण ‘डायर मेकर’ वाचतात आणि गंमत हरवते.