उतारावर गिअर सुटतो तेव्हा : अवजड वाहनांच्या गिअरबॉक्सविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी दहाचाकी गाडी लासलगावहून कांदा भरून वाशीला जाते. गिअरबॉक्स नऊ गिअरचा आहे, म्हणजे क्रॉलर (अगदी हळू चालण्याचा गिअर) आणि त्यावर आठ. लो-हाय (खालचे चार आणि वरचे चार गिअर) बदलण्यासाठी दांड्यावर बटण आहे. महिनाभरापासून कसारा घाट उतरताना सहावा गिअर आपोआप सुटतो आणि दांडा न्यूट्रलला येतो. चढावर असे होत नाही. मिस्त्री गिअरबॉक्स उतरवून सहाव्याचा सेट बदलायला सांगत आहेत. तोवर ड्रायव्हर दांडा हाताने दाबून धरून घाट उतरतो. हा खर्च करावा का?
— एक वाहनमालक, निफाड

उत्तर : खर्चाचे नंतर पाहू. आधी दोष सापडेपर्यंत भरलेली गाडी घाटात पाठवणे थांबवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. उतारावर इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाला मंदावणारा ब्रेक) गाडीला रोखून धरतात ते केवळ गिअर पडलेला असतो म्हणून. तो सुटला की सुमारे 28 टनांचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, ब्रेकचे लायनर (घर्षणपट्ट्या) तापतात, त्यांची पकड कमी होते आणि वाढलेल्या वेगात तोच गिअर पुन्हा पडेल याची खात्री नसते. शिवाय दांडा दाबून धरल्यामुळे आतला फोर्क (दांड्याची हालचाल पोचवणारा काटा) फिरणाऱ्या स्लीव्हच्या (गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या सरकत्या कड्याच्या) खाचेत सतत घासत राहतो, म्हणजे ज्या दोषावर हा उपाय म्हणून केला जातो तोच दोष वाढतो.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींवरून बरेच कळते. गिअर सुटताना दांडाही हलतो, त्यामुळे दोष मागच्या लो-हायच्या भागात असण्याची शक्यता कमी आहे. तिथे बिघाड असता तर दांडा जागेवर राहून नुसता ओढा गेला असता. दुसरी गोष्ट अशी की, तुमच्या गिअरबॉक्समध्ये सहाव्या गिअरची वेगळी चक्रे नसतात. लोमधला दुसरा आणि हायमधला सहावा ही एकच जोडी असून फरक फक्त मागच्या भागाचा असतो. म्हणून गाडी रिकामी असताना, मोकळ्या आणि सौम्य उतारावर, लोमध्ये दुसरा टाकून ॲक्सिलरेटर सोडून पाहा. तोही सुटत असेल तर संशय त्या जोडीवर, तिच्या स्लीव्हवर, फोर्कवर किंवा त्या बाजूला दांडा पूर्ण न जाण्यावर येतो. तिसरा-सातवाही अधूनमधून सुटत असेल, तर मात्र दोष बहुधा गिअरबॉक्सच्या बाहेर आहे.

चढावर न सुटता उतारावरच का सुटतो, तेही समजून घ्या. चढावर इंजिन चाकांना ओढते, उतारावर चाके इंजिनाला फिरवतात, त्यामुळे गिअर आणि स्लीव्ह यांना जोडणाऱ्या बारीक दातांची दुसरी बाजू भार घेते. या दातांना किंचित उलटा उतार दिलेला असतो, ज्यामुळे भार आला की स्लीव्ह आत खेचली जाते. पण स्लीव्ह पूर्ण चढलीच नाही, तर भार दातांच्या टोकांवर पडतो, टोके गोल होतात आणि मग तीच गोलाई स्लीव्हला बाहेर ढकलू लागते.

तेव्हा खरा प्रश्न स्लीव्ह पूर्ण का चढत नाही, हा आहे. याचे उत्तर गिअरबॉक्स न उतरवताही शोधता येते. इंजिन बंद ठेवून, चाकांना ओटी (अडणी) लावून गिअर टाका आणि गाडीखाली जाऊन केबिनकडून येणारा रॉड किंवा केबल गिअरबॉक्सवरच्या लिव्हरपासून सोडवा. आता तो लिव्हर हाताने त्याच दिशेला ढकला. तो आणखी पुढे सरकला, तर गिअर आजवर अर्धवट पडत होता. लिंकेजचे (दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीचे) बुश बदलून जुळणी करून घ्या. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या माउंटिंगचे रबर दबले आहे का, दांड्याचे रबरी कव्हर मध्ये अडते का, तेही पाहा. त्यानंतर वरच्या कव्हरमधल्या, गिअर जागेवर धरणाऱ्या स्प्रिंग आणि गोळ्या तपासा. मोडलेली स्प्रिंग हा स्वस्तात निघणारा दोष आहे. एवढे न पाहता थेट गिअर सेट बदलायला सांगणे मला मालकावर अन्याय करणारे वाटते.

हे सगळे ठीक असूनही गिअर सुटत असेल तर गिअरबॉक्स खोलावाच लागेल. त्या वेळी स्वतः हजर राहा आणि स्लीव्ह हातात घेऊन दातांवरून नख फिरवा. चांगल्या दाताचे टोक घराच्या छपरासारखे दोन्हीकडून धारदार लागते, झिजलेला दात एका बाजूने गुळगुळीत आणि चकाकता असतो. गिअर बदलला तर स्लीव्ह आणि झिजलेला फोर्कही बदला. नव्या गिअरवर जुनी स्लीव्ह चढवली की काही फेऱ्यांत तीच तक्रार पुन्हा येते.

प्रश्न : इंजिनात बिघाड झाल्यामुळे आमचा ट्रक न्यूट्रलमध्ये ठेवून सुमारे 90 किलोमीटर टोचन करून आणला. इंजिन दुरुस्त झाले, पण आता गिअरबॉक्समधून घरघर येते. त्याआधी गिअरबॉक्सची काहीच तक्रार नव्हती. ऑइलही पुरेसे आहे.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : ऑइल पुरेसे होते, पण ते वर पोचत नव्हते. गिअरबॉक्समधले ऑइल सर्वत्र उडवण्याचे काम मुख्यतः खालच्या काउंटर शाफ्टवरची चक्रे करतात आणि तो शाफ्ट इंजिनच्या जोरावर फिरतो. टोचन करताना मागची चाके प्रोपेलर शाफ्टमार्फत (गिअरबॉक्सला मागच्या एक्सलशी जोडणाऱ्या लांब शाफ्टमार्फत) गिअरबॉक्समधल्या वरच्या मेन शाफ्टला फिरवत राहिली, इंजिन बंद असल्याने काउंटर शाफ्ट मात्र स्थिर होता, आणि वरची बेअरिंगे कोरडी फिरली. ड्रेन प्लग काढून त्याच्या चुंबकावर काय चिकटले आहे ते पाहा. बारीक काळसर लगदा नेहमीचा असतो. चकचकीत पापुद्रे किंवा कण दिसले तर गाडी चालवू नका, बेअरिंगे बदला. यापुढे टोचन करण्याआधी चाकांना ओटी लावून प्रोपेलर शाफ्ट सोडवा किंवा एक्सल शाफ्ट काढून घ्या. त्याला लागणारा अर्धा-पाऊण तास वाया जात नाही. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडणाऱ्यांच्या गिअरबॉक्सचेही असेच हाल होतात, आणि तिथे हवेचा दाबही भरला जात नसल्याने ब्रेकचाही धोका असतो.

प्रश्न : डिफरन्शिअलसाठी आणलेले जीएल-5 (गिअर ऑइलचा एक वर्ग) ऑइल गिअरबॉक्समध्ये टाकले तर चालेल का?
— एक चालक, इचलकरंजी

उत्तर : कंपनीच्या पुस्तिकेत जीएल-4 लिहिले असेल तर टाकू नका. जीएल-5 मधली दाब सोसणारी गंधकयुक्त रसायने डिफरन्शिअलमधल्या क्राउन-पिनियन चक्रांना उपयोगी असली, तरी काही ऑइलमध्ये ती सिंक्रोनायझरच्या (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगा खातात. 80डब्ल्यू-90 हा आकडा दोन्ही डब्यांवर सारखाच असू शकतो, कारण तो फक्त ऑइलचा दाटपणा सांगतो. म्हणून डबा घेताना त्याच्याशेजारचा जीएलचा आकडाही वाचा.