दात्याच्या सॅम्पलमधल्या स्टेम सेल फ्लो सायटोमीटरवर मोजताना एकाच सॅम्पलचे दोन वेगळे आकडे का येतात?

तुम्ही लिहिलंय की लॅबमध्ये नवीन आहात, दात्यांच्या सॅम्पलमधल्या सीडी३४ पेशी (पृष्ठभागावर सीडी३४ ही खूण असलेल्या स्टेम सेल) फ्लोवर, म्हणजे पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर, मोजायला शिकताय, एकाच सॅम्पलच्या दोन ट्यूब लावल्या तरी आकडे जुळत नाहीत, आणि हे हाताला बसायला किती दिवस लागतात. मी बरीच वर्षं हेच काम करते आणि सुरुवातीला मीही नेमकी इथेच अडकले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, मशीनवर संशय घेण्याआधी पिपेटकडे बघा. मला शिकवणाऱ्या मॅडमनी पहिले दोन दिवस मशीनला हातच लावू दिला नाही. एक बारीक वजनकाटा समोर ठेवला आणि म्हणाल्या, शिल्लक राहिलेलं रक्त घे आणि १०० मायक्रोलिटर दहा वेळा टाक, प्रत्येक वेळचं वजन लिही. रक्त पाण्यापेक्षा थोडं जड असतं, त्यामुळे दरवेळी साधारण १०५ मिलीग्रॅम यायला हवं होतं. माझं पहिल्या दिवशी ९१ पासून १०८ पर्यंत काहीही येत होतं. म्हणजे अँटिबॉडी (ठराविक पेशींना चिकटून त्यांना रंगवणारं प्रथिन) टाकायच्या आधीच, लेझर लागायच्या आधीच, माझ्या आकड्यात पंधरा टक्क्यांची गडबड होऊन बसली होती!

याचं कारण रक्त टिपच्या आतल्या भिंतीला चिकटतं. त्यासाठी रिव्हर्स पिपेटिंग शिकायचं, म्हणजे बटण दुसऱ्या स्टॉपपर्यंत दाबून रक्त उचलायचं, पण सोडताना फक्त पहिल्या स्टॉपपर्यंत दाबायचं आणि टिपमध्ये उरलेलं टाकून द्यायचं. टिप बाहेरून टिश्यूने पुसायची पण टोकाच्या छिद्राला टिश्यू लागू द्यायचा नाही, नाहीतर तो आतलं रक्त ओढून घेतो. आणि रक्त ट्यूबच्या तळाशी सोडायचं. वर काचेवर पट्टा राहिला तर तिथल्या पेशींना अँटिबॉडी लागतच नाही, मग लायसिंग सोल्युशन (लाल पेशी फोडणारं द्रावण) टाकताना त्या खाली येतात आणि तुमच्या प्लॉटमध्ये, म्हणजे मशीनने काढलेल्या पेशींच्या आलेखात, न रंगलेल्या पेशी म्हणून दिसतात.

बीड्सचंही, म्हणजे मोजणीसाठी टाकायच्या बारीक गोळ्यांचंही, तसंच आहे. सिंगल प्लॅटफॉर्म पद्धतीत, म्हणजे सगळी मोजणी एकाच मशीनवर करताना, ट्यूबमध्ये ठराविक संख्येचे बीड्स असतात आणि पेशींची संख्या त्यांच्याशी तुलना करून काढतात. समजा ट्यूबमध्ये ५०,००० बीड्स आहेत, रक्त १०० मायक्रोलिटर, मशीनने १०,००० बीड्स आणि २०० सीडी३४ पेशी मोजल्या, तर २०० भागिले १०,०००, गुणिले ५००, म्हणजे मायक्रोलिटरला १० पेशी. आता बीड्सची बाटली नीट हलवली नाही, ते तळाशी बसले आणि तुम्ही वरचं पातळ उचललं, तर ट्यूबमध्ये गेले ४०,००० आणि हिशेबात धरले ५०,०००. उत्तर पंचवीस टक्क्यांनी फुगणार, आणि प्लॉट मात्र अगदी सुंदर दिसणार, त्यामुळे संशयसुद्धा येत नाही. बीड्स वेगळे टाकायचे असतील तर रक्तासाठी वापरला तोच पिपेट वापरा, पिपेट थोडा कमी-जास्त देत असेल तर ती चूक दोन्हीकडे सारखी होऊन कटते. आणि बीड्स टाकल्यावर वॉश करायचं नाही, वॉशमध्ये पेशीही जातात, बीड्सही जातात आणि दोन्ही सारख्या प्रमाणात जात नाहीत.

दुसरी गोष्ट, या पेशी मुळातच फार थोड्या असतात. इंजेक्शन न दिलेल्या दात्याच्या रक्तात मायक्रोलिटरला पांढऱ्या पेशी हजारोंनी आणि सीडी३४ एक आकडी. जी-सीएसएफ (स्टेम सेल रक्तात आणणारं इंजेक्शन) दिल्यावर चार-पाच दिवसांनी त्या वाढतात, तरी ढिगात सुई शोधण्यासारखंच. मोजणीचा साधा नियम असा की १०० पेशी मोजल्या तर नुसत्या योगायोगाने १० टक्के इकडे-तिकडे होतं, ४०० मोजल्या तर ५ टक्के, आणि २५ वर थांबलात तर २० टक्के. म्हणून किमान १०० सीडी३४ मिळेपर्यंत मशीन चालू ठेवा, मागे कितीही ट्यूब थांबलेल्या असोत. तुमचे दोन आकडे न जुळण्याचं अर्धं कारण मला इथे दिसतंय, तुम्ही लिहिलंय की वेळ वाचवायला तुम्ही ठराविक सेकंदांवर थांबता. ते आजपासून बंद करा.

गेटिंगबद्दल, म्हणजे प्लॉटवर घेरा (गेट) ओढून हव्या त्या पेशी निवडण्याबद्दल. १९९६ मध्ये आलेला इशेज प्रोटोकॉल, म्हणजे सीडी३४ मोजण्याची ठरवून दिलेली पद्धत, आजही बहुतेक ठिकाणी पाया म्हणून वापरतात, आणि मला वाटतं त्याचं सौंदर्य एकामागून एक चाळणी लावण्यात आहे. आधी सीडी४५ (पांढऱ्या पेशींवरची खूण) असलेल्या सगळ्या पेशी घ्यायच्या, त्यातून सीडी३४ पॉझिटिव्ह, त्यातून सीडी४५ मंद आणि साइड स्कॅटर (बाजूला विखुरलेला प्रकाश, पेशी आतून किती दाणेदार आहे याचं माप) कमी असलेला घट्ट पुंजका, आणि शेवटी आकार लिम्फोसाइटपेक्षा (लहान पांढऱ्या पेशीपेक्षा) लहान नाही ना हे तपासायचं. एका चाळणीतून चुकून आलेला कचरा पुढच्या चाळणीत गळतो. मोनोसाइट (मोठ्या पांढऱ्या पेशी) अँटिबॉडी उगाच चिकटवून घेतात आणि सीडी३४ च्या गेटमध्ये घुसतात, पण त्यांचं सीडी४५ जास्त असतं म्हणून तिसऱ्या चाळणीत बाहेर पडतात. नवीन माणूस करतो ते हे की शेवटच्या प्लॉटवर गेट ओढूनताणून पुंजक्याभोवती बसवतो. गेट मागे जाऊन तपासा, शेवटच्या गेटमधल्या पेशी पहिल्या प्लॉटवर रंगवून बघा, खऱ्या असतील तर एकाच जागी बसलेल्या दिसतात, विखुरलेल्या असतील तर त्या तुमच्या नाहीत.

सेव्हन-एएडी (मेलेल्या पेशी रंगवून वेगळ्या दाखवणारा रंग) कधीच टाळू नका, विशेषतः गोठवून वितळवलेल्या सॅम्पलला. मेलेल्या पेशींचं आवरण फाटलेलं असतं, अँटिबॉडी आत शिरून अडकते आणि त्या सीडी३४ पॉझिटिव्ह दिसतात. मी एकदा नाळेच्या रक्ताची वितळवलेली पिशवी त्याच्याशिवाय मोजून बघितली होती, फक्त शिकण्यासाठी. आकडा दिसायला छान होता, सेव्हन-एएडी टाकल्यावर तो जवळजवळ निम्मा झाला. आणि अफेरेसिसच्या पिशवीचं (दात्याच्या रक्तातून मशीनने वेगळ्या काढलेल्या पेशींच्या पिशवीचं) सॅम्पल आधी डायल्यूट, म्हणजे पातळ, करा, पांढऱ्या पेशी फार दाट असतील तर अँटिबॉडी पुरत नाही, सीडी४५ चा अख्खा प्लॉट डावीकडे सरकतो, मग मंद कोण आणि नेहमीचा कोण कळत नाही. कितीपट डायल्यूट केलंय ते त्याच क्षणी ट्यूबवर लिहा, डोक्यात ठेवू नका.

एवढा जीव का काढायचा, तर हे बघा. पिशवी २०० मिलिलिटर, मायक्रोलिटरला १,००० सीडी३४, म्हणजे एकूण २० कोटी. पेशंट ७० किलोचा असेल तर किलोमागे सुमारे २८.५ लाख. किमान २० लाख लागतात असं साधारण धरलं जातं, म्हणजे पुरेशा आहेत. तुम्ही पिपेटने तीस टक्के कमी मोजलंत तर तीच पिशवी बरोब्बर २० लाखांवर येऊन बसते आणि डॉक्टर म्हणतात, धोका नको, उद्या दात्याला परत बसवू. त्या माणसाने आधीच पाच दिवस इंजेक्शनं घेतलेली असतात, हाडं ठणकत असतात, दोन्ही हातांना सुया लावून तो तासन्‌तास खुर्चीत बसलेला असतो, आणि तोही दुसऱ्या कुणासाठी! आणि उलट जास्त मोजलंत तर पेशंटला केमो देऊन झाल्यावर पेशी कमी पडल्याचं कळणार, त्याचा विचारही मला करवत नाही. संशोधनासाठी आलेलं सॅम्पल असलं तरी मी तसंच वागते, कोड नंबरच्या मागे कुणीतरी सही करून दिलेलं रक्त आहे, ते पहिल्याच ट्यूबमध्ये नीट वापरलं जावं.

आता किती दिवस. मला दुसऱ्या कुणी न तपासता रिपोर्ट द्यायची परवानगी मिळायला तीन महिने लागले, आणि ते मला बरोबर वाटतं. तुम्ही आठवड्यातून एकदा शिल्लक सॅम्पलच्या दहा ट्यूब लावा, दहाही स्वतः पिपेट करून, आणि त्यांच्यातला फरक काढा. १० टक्क्यांच्या आत सलग तीन आठवडे आला की पिपेट जमला समजा. गेटिंगचा सराव वेगळा करा, जुन्या फाइल घ्या, आधीची उत्तरं झाकून स्वतः गेट लावा आणि मग सिनियरच्या आकड्याशी ताडून बघा, यात सॅम्पलही खर्च होत नाही. आणि दोन ट्यूबमध्ये १५ टक्क्यांच्या वर फरक आला तर सरासरी काढून पुढे जाऊ नका, तिसरी ट्यूब लावा, सॅम्पल अजून फ्रीजमध्ये असतंच.