वन बीएचकेमध्ये मुलगी दहावीला आणि नवऱ्याचं काम घरून. टेबल कुठं लावू?

ताई, तुमचं घर शाहूपुरीत, हॉल, किचन आणि एक बेडरूम. मिस्टरांचे कॉल दुपारपासून रात्री दहापर्यंत. मुलगी दहावीला, मुलगा चौथीत, आणि संध्याकाळी सासूबाईंच्या मालिका. बेडरूममध्ये मुलीला स्टडी टेबल करून द्यावं आणि मिस्टरांनी हॉलमध्ये बसावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी कोल्हापुरात घरगुती फर्निचरची कामं करतो. माझं सांगणं असं की हे बरोब्बर उलटं करा. दार लागणारी खोली बोलणाऱ्याला द्या.

दहावीचं पोर म्हटलं की सगळ्या घरात पहिली बंद खोली त्याला मिळते. त्यामागची माया कळते. पण हॉलमध्ये कॉल सुरू झाला की अख्खं घर गप्प बसवावं लागतं. कुकरची शिट्टी नको, टीव्ही नको, धाकट्यानं मोठ्यानं पाढे म्हणायचे नाहीत. एवढं करूनही मिस्टरांचं बोलणं बेडरूममधल्या मुलीला ऐकू जातंच. आणि वाचताना सगळ्यात जास्त त्रास बोलण्याचाच होतो. पंख्याची घरघर, भांड्यांचा आवाज कानाला सवयीचा होतो, पण शब्द ऐकू आले की मन तिकडं जातंच. म्हणून आधी बोलणं दाराआड न्या. दाराच्या खालच्या फटीला रबराची पट्टी मारून घ्या, बराच आवाज तिथूनच बाहेर येत असतो. हॉल आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीला कपड्यांचं किंवा पुस्तकांचं भरलेलं कपाट असेल तर आणखी चांगलं.

आता मुलीची जागा. हॉलमधल्या खिडकीजवळ तिचं स्वतःचं टेबल असू द्या. रोज आवरून ठेवावं लागेल असं डायनिंग टेबल नको. वह्या उघड्या ठेवून जेवायला उठता आलं पाहिजे आणि परत येऊन तिथूनच पुढं सुरू करता आलं पाहिजे. रुंदी साडेतीन फूट, खोली दोन फूट एवढं पुरतं. उजव्या हातानं लिहीत असेल तर खिडकी डाव्या बाजूला यावी, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. संध्याकाळी ट्यूबच्या भरवशावर राहू नका, टेबलावर वेगळा दिवा हवा.

उंचीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक घरांत इथंच गडबड होते. टेबल साधारण 30 इंच असतं आणि खुर्चीची बैठक 17-18. मोठ्या माणसाला ते चालतं. तुमच्या चौथीतल्या मुलाला त्याच टेबलावर बसवलं की त्याचे खांदे कानापर्यंत चढतात आणि पाय लोंबकळतात, मग तो पाच मिनिटांत उठतो आणि आपण म्हणतो, बसतच नाही. त्याच्या खुर्चीवर घट्ट उशी द्या आणि पायाखाली जेवायचा पाट ठेवा. कोपर काटकोनात, तळपाय टेकलेले, बस्स. त्याला वेगळं टेबल करायची गरज नाही. किचनच्या भिंतीला बिजागरीचं पाडायचं फळकुट लावा, तुम्ही स्वयंपाक करताना तो शेजारी बसेल. शेगडीपासून लांबच्या भिंतीला मात्र.

मिस्टरांना बेडरूममध्ये पलंगावर बसून काम करू देऊ नका. लॅपटॉप स्टँडवर, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, कीबोर्ड वेगळा. खिडकी बाजूला हवी. पाठीमागं असली तर स्क्रीनवर चमक येते आणि कॉलवर तोंड काळं दिसतं.

फर्निचर घेताना आपला पाऊस लक्षात ठेवा. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला ओल धरते. भुशाच्या बोर्डाचं तयार टेबल स्वस्त मिळतं, पण कड उघडी पडून एकदा पाणी प्यालं की फुगतं, आणि फुगलेलं परत बसत नाही. आयएस 710 शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्या, मिस्त्रीला चारही कडा बंद करायला सांगा, खालची कडसुद्धा, जी कुणी बघत नाही. टेबल भिंतीपासून दोन बोटं सोडून ठेवा आणि पुस्तकांचा रॅक ओल्या भिंतीला लावूच नका.

वाऱ्या-पावसात लाइट जाते तेव्हा लॅपटॉप चालतो पण इंटरनेट जातं. राउटरला छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही त्यावरच जोडा, नाहीतर राउटर चालू राहून उपयोग नाही.

राहिला टीव्ही. सासूबाईंचा टीव्ही बंद करू नका. दिवसभरात तेवढाच वेळ त्यांचा असतो. त्या दीड तासात मुलीला घरापासून जवळच्या अभ्यासिकेत पाठवा. इथं 1850 पासून करवीर नगर वाचन मंदिर आहे, आणि गावाकडच्या पोरांना राहून शिकता यावं म्हणून शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. अभ्यासाला घराबाहेर जागा असणं या गावाला नवीन नाही. रात्री आजी आणि मुलं हॉलमध्येच झोपणार, त्यामुळं मुलीचं पाठांतर पहाटे ठेवा. त्या वेळी मिस्टरांचा कॉलही नसतो.

टेबलाची ऑर्डर देण्याआधी आठवडाभर एक साधी घडीची खुर्ची आणि आहे ते टेबल वापरून या जागा बसून बघा. हॉलच्या खिडकीचा कट्टा जमिनीपासून किती इंचावर आहे ते मोजून खाली लिहा, मग टेबल कट्ट्याला जोडून करायचं की सुटं, ते सांगतो.