मनूची नाव आणि नोहाची नाव

विश्रामबाग, सांगली

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

'प्रलयाची कथा शब्दशः खरी आहे' या विषयावर तू विरोधी बाजूने बोलणार, त्याचा मसुदा वाचला. बायबलातल्या नोहाच्या तारवाची खिल्ली उडवलेलं पहिलं पान काढून टाक. सांगलीच्या सभागृहात नोहावर हसायला धाडस लागत नाही, कारण तिथे कुणाला ते बोचतच नाही. नोहाला जे माप लावशील तेच मनूला लाव. तेवढी तयारी नसेल तर दुसरा विषय घे.

आधी आपली कथा मुळातून वाच. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात मनू सकाळी हात धुतोय आणि हातात एक चिमुकला मासा येतो. मला सांभाळ, मी तुला तारीन, म्हणतो. मोठे मासे आपल्याला गिळतील ही त्याची भीती. मनू त्याला आधी घागरीत, मग खड्ड्यात ठेवतो आणि शेवटी समुद्रात सोडतो. पूर येतो तेव्हा त्याच माशाच्या शिंगाला नाव बांधलेली असते आणि ती उत्तरेकडच्या डोंगराला लागते. उरतो एकटा मनू. महाभारताच्या वनपर्वात मात्र नावेत सप्तर्षी आहेत, सगळी बियाणी आहेत आणि मासा म्हणजे ब्रह्मदेव. भागवतात मासा विष्णूचा अवतार, राजा द्रविड देशाचा सत्यव्रत आणि नाव बांधायला दोर म्हणून वासुकी. आता समोरच्याला शांतपणे विचार, यातली शब्दशः खरी कुठली? बायबलवाल्यांनाही हा त्रास चुकलेला नाही. १८७२ साली जॉर्ज स्मिथने ब्रिटिश म्युझियममधली, बायबलाहून जुन्या गिल्गमेश या मेसोपोटेमियातल्या महाकाव्याची मातीची पाटी वाचली, तर तिच्यातही पूर, नाव आणि जमीन शोधायला सोडलेले पक्षी निघाले.

पुराव्याचं तुला मी काय सांगू? २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. ओसरल्यावर स्विचबोर्डाच्या पेटीतूनसुद्धा गाळ निघत होता. २००५ ला शेजारच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत, पाणी शिरून हळद गेली ती लोक अजून सांगतात. एवढासा पूर एवढं मागे ठेवतो, तर सगळी पृथ्वी बुडवणाऱ्या पुराचा एकाच काळातला थर सगळ्या खंडांवर सापडायला हवा. तो नाही. शिवाय एव्हरेस्ट बुडवायचा तर आजच्या सगळ्या समुद्रांच्या तिपटीहून जास्त पाणी वर लागेल. ते आलं कुठून आणि गेलं कुठे?

इथे ॲडम सेजविकचं नाव घे. केंब्रिजचा भूविज्ञानाचा प्राध्यापक, आणि धर्मगुरूही. जागोजागचे वाळू-गोट्यांचे थर एकाच महापुराचे, असं तो मानायचा. १८३१ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत अध्यक्षपदावरून त्याने ते मत जाहीरपणे मागे घेतलं. धर्म सोडला नाही. तुझ्या भाषणात हा माणूस दहा विनोदांचं काम करेल.

'सगळ्या जगात पूरकथा आहेत, म्हणजे पूर आलाच होता' असं कुणीतरी म्हणेलच. माणसं नदीकाठी राहतात आणि नद्यांना पूर येतात, एवढं उत्तर पुरे. दुसरा कुणी मत्स्य, कूर्म, वराह म्हणजे उत्क्रांतीच, असं ठणकावेल. (हा युक्तिवाद करणारे फार खुशीत असतात, का कोण जाणे.) त्याच्याशी उत्क्रांतीवर भांडत बसू नकोस. कथेला रूपक म्हटलं की तो शब्दशः खरेपणाची बाजू सोडून तुझ्याकडे आलेला असतो. तेवढं परीक्षकांच्या नजरेस आणून खाली बस.

भाषण आधी आजोबांना ऐकव. भागवत सप्ताहात त्यांनी ही कथा कितीदा ऐकली असेल. सत्यव्रताच्या प्रसंगात तू कुठे घसरलीस तर ते लगेच पकडतील, परीक्षकांच्या ते लक्षातही यायचं नाही. रागावले तर रागावू देत, पण कुठल्या वाक्याला रागावले ते लिहून घे आणि रविवारी मला दाखव.

तुझे,
काका