निळ्या काचेचा निळेपणा कुठून येतो?

काचेला निळा रंग वरून लावलेला असतो की तो तिच्या अंगातच असतो, असे आपण विचारले आहे. औषधांच्या जुन्या बाटल्यांसारख्या गडद निळ्या काचेत तो अंगातच असतो. बाटली फुटली तर तुकड्याच्या कडेलाही तोच रंग दिसतो. वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत वितळवताना त्यात कोबाल्टचे ऑक्साइड मिसळतात, आणि हजार किलो काचेला एखादा किलो ऑक्साइडही गडद निळ्या रंगासाठी पुरते.

विशेष म्हणजे हे ऑक्साइड स्वतः निळे नसून काळी भुकटी असते. कनिष्ठ महाविद्यालयात प्रात्यक्षिके घेताना मी विद्यार्थ्यांना हे टाकणखाराच्या मण्यावर दाखवीत असे. प्लॅटिनमच्या तारेच्या कडीवर टाकणखार तापवला की तो आधी फुगतो, मग वितळून पाण्यासारखा स्वच्छ मणी होतो. त्याला कोबाल्टच्या क्षाराचा एखादा कण लावून पुन्हा ज्योतीत धरले की मणी आरपार निळा होतो.

याचे कारण कोबाल्टच्या शेजाऱ्यांत आहे. काचेत कोबाल्टच्या बहुतेक आयनांभोवती, म्हणजे विद्युतभारित अणूंभोवती, ऑक्सिजनचे चार अणू चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) कोपऱ्यांवर असावेत तसे बसतात, आणि या मांडणीत कोबाल्टचे इलेक्ट्रॉन प्रकाशातला हिरवट-पिवळ्यापासून नारिंगी-तांबड्यापर्यंतचा भाग जोराने शोषून घेतात, त्यामुळे आपल्यापर्यंत मुख्यतः निळा प्रकाश पोहोचतो. तोच कोबाल्ट पाण्यात विरघळला की त्याच्याभोवती पाण्याचे सहा रेणू जमतात आणि द्रावण गुलाबी दिसते. धातू एकच असूनही केवळ शेजार बदलल्याने रंग पालटतो, ही गोष्ट मला आजही मोहवते.

क्षार ज्योतीत धरून ज्योतीच्या रंगावरून त्यातला धातू ओळखतात, त्या ज्योत परीक्षेत निळी काच डोळ्यांसमोर धरायला सांगतात, तेही याचसाठी. सोडियमचा 589 नॅनोमीटरचा भगभगीत पिवळा प्रकाश ती काच अडवते आणि त्याखाली दडलेली पोटॅशियमची ज्योत किरमिजी दिसू लागते.

इजिप्तचे कारागीर इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातही कोबाल्टची निळी काच करीत होते. मात्र या रंगामागे एक स्वतंत्र धातू आहे, हे स्वीडनच्या गेओर्ग ब्रांट यांनी 1735 च्या सुमारास दाखवून दिले; तोवर निळ्याचे श्रेय बिस्मथला दिले जात असे.

सगळी निळी काच कोबाल्टचीच असते असे मात्र नाही. तांब्यानेही निळा रंग येतो, पण तो फिरोजी, हिरव्याकडे झुकणारा असतो, आणि भट्टीत ऑक्सिजन कमी पडला तर तेच तांबे काचेला लाल करू शकते. दोन्ही निळ्यांतला फरक ओळखायचा असेल तर काच तारेच्या जुन्या बल्बसमोर धरावी: कोबाल्टच्या गडद काचेतून थोडा गर्द तांबडा प्रकाशही सुटतो, म्हणून तिच्यात जांभळट झाक दिसते, तांब्याच्या काचेत ती दिसत नाही.